नोस्केंच्या घराचे खिळे

ग्लेनिसच्या धातू शोधायच्या डिटेक्टरला लोखंड ऐकू येत नसे. म्हणजे यंत्राला यायचं, पण तिनेच ते बंद करून ठेवलेलं असे. आमच्या गावच्या, पिनाऱ्याच्या शोधक मंडळात सगळेच तसं करतात. लोखंड चालू ठेवलं की यंत्र पावलापावलाला घोगरं गुरगुरतं. तारेचे तुकडे, बिजागऱ्या, मेंढ्या कातरायच्या कातरीचं मोडकं पातं, असल्या भंगारासाठी गुडघे टेकून माती उकरायची हौस कुणाला आहे? मग बटण दाबून लोखंडाला गप्प करायचं आणि चांदीच्या नाण्याचा तो बारीक गोड आवाज कानात कधी वाजतो याची वाट पाहत मॅलीच्या खुरट्या झाडांमधून चालत राहायचं.

या कामात ग्लेनिसचा हात धरणारा मंडळात कुणी नव्हता, आणि हे ती स्वतःही सांगत असे. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. कच्च्या रस्त्यावरचं प्रत्येक फाटक, प्रत्येक पडकी टाकी, ओसाड रानात उगाच उभं असलेलं प्रत्येक मिरीचं झाड तिला तोंडपाठ. मिरीचं झाड दिसलं की तिथे एकेकाळी कुणीतरी सावलीसाठी लावलेलं असणार, म्हणजे जवळपास घर असणार, हे तिला कुणी शिकवलं नाही. बस सोडली आणि त्याच आठवड्यात तिने यंत्र घेतलं. तेव्हापासून दर हिवाळा रानात. उन्हाळ्यात नाही, कारण उन्हाळ्यात त्या रानावर सापांचा हक्क असतो आणि ग्लेनिस दुसऱ्याच्या हक्काला मान देणारी बाई आहे.

तिच्या कामाची रीत पक्की होती. आधी शेतमालकाच्या दारात जाऊन विचारायचं, फोनवर नाही. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवून वर पाय दाबायचा. आणि संध्याकाळी जे सापडलं ते सगळं पिकअपच्या मागच्या फळीवर मांडून मालकाला हाक मारायची. पहिली निवड त्याची. एका मालकाने तिच्यासमोर अख्खी चांदीची सिगारेटपेटी उचलून खिशात घातली, तेव्हा ती चहा पीत हसत उभी राहिली आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलली नाही. पण रीत मोडली नाही.

एवढं सगळं असूनही एक जागा तिला वश होत नव्हती, आणि नेमकी ती तिच्या आईची होती.

आई म्हणजे एल्वा, वय त्र्याण्णव. गावच्या दवाखान्याच्या मागे म्हाताऱ्यांसाठी सहा खोल्या आहेत, त्यातल्या तिसरीत राहते. गुडघे गेले, कान शाबूत, जीभ तर विचारूच नका. एल्वाचे वडील ऑटो नोस्के. गावाच्या पूर्वेला खडकाळ टेकाड आहे, तिथे त्यांची जमीन होती. एल्वा जन्मभर सांगत आली की त्या टेकाडावर आमचं लाकडी घर होतं, दोन खोल्यांना फळ्यांची जमीन होती, माझा जन्म त्या फळ्यांवर झाला, आणि मी सहा वर्षांची व्हायच्या आत ते रानातल्या आगीत जळलं.

गाव म्हणत आलं की घरबिर काही नव्हतं. नोस्के गोणपाटाच्या झोपडीत राहायचे.

गावाकडे पुरावा होता. सभागृहात, चहाच्या खिडकीच्या वर, काचेत लावलेला एक फोटो आहे. चार वाकडे खांब, त्यांना शिवून ताणलेली गव्हाची पोती, वरून चुना फासलेला, आणि पुढे उन्हात डोळे बारीक करून उभी असलेली अनवाणी मुलगी. खाली लिहिलंय, ‘नोस्के कुटुंबाचा तळ, १९३८’. फोटो काढला हीस्लिप घराण्यातल्या मूळ पुरुषाने, जो त्याच वर्षी कॅमेरा आणि बायको घेऊन पिनाऱ्यात आला. त्याने जे पाहिलं ते टिपलं. आगीच्या आधी तो इथे नव्हता, म्हणून आगीच्या आधीचं काही गावाच्या लक्षात राहिलं नाही. ज्यांच्या लक्षात होतं ती घरं एकेक करून उठून गेली. नोस्केंनीही पुढे जमीन सोडली आणि ती फिरत फिरत हीस्लिपांकडेच आली.

ती मुलगी एल्वा. शाळेत तिला ‘गोणपाट एल्वी’ म्हणत. तिचं पहिलं नृत्य, तिच्या लग्नाचा चहा, तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीनंतरचं खाणं, सगळं त्या फोटोखाली झालं. दर वेळी ती फोटोकडे पाठ करून बसली. ग्लेनिसला हे लहानपणापासून दिसत होतं.

यंदा गोष्ट ऐरणीवर आली. आमच्याकडे दर दहा वर्षांनी गाव सोडून गेलेल्यांना परत बोलावण्याचा सोहळा असतो. यंदा समितीने ठरवलं की रानात जी जी घरं एकेकाळी उभी होती त्या प्रत्येकाच्या फाटकाशी खांब रोवून पत्र्याची पाटी लावायची. घराण्याचं नाव आणि सालं. एकोणचाळीस पाट्यांची यादी झाली. त्यात नोस्के नव्हते.

समितीचा अध्यक्ष डग हीस्लिप. फोटो काढणाऱ्याचा नातू, टेकाडाचा आजचा मालक, आणि शाळेत ग्लेनिसच्या बाकावरचा. माणूस वाईट नाही. सरळ आहे, इतका सरळ की वळत नाही. ग्लेनिस त्याच्याकडे गेली तेव्हा त्याने तिला मेटवर्स्ट या जर्मन सॉसेजचं सँडविच खाऊ घातलं आणि मग सांगितलं की नियम घरांसाठी आहे, तळांसाठी नाही. तळ मोजायला बसलो तर रेल्वेच्या मजुरांपासून सशांच्या शिकाऱ्यांपर्यंत प्रत्येक झाडाखाली पाटी लावावी लागेल.

“तूच तीन हिवाळे तिथे फिरलीस ना?” तो म्हणाला. “मी कधी नाही म्हटलं का? काय सापडलं तुला?”

 तीन हिवाळ्यांत त्या टेकाडावर ग्लेनिसला दोन पेनी, एक बुटाचं पितळी बक्कल आणि बाजाच्या पेटीची एक पट्टी मिळाली होती. मंडळाची सगळी माणसंही एक रविवार तिथे फिरून गेली आणि अर्ध्या पेनीवर थांबली. एवढं तर कुठल्याही तळावर सापडतं. त्या दिवशी पिकअपमध्ये बसताना तिला जो विचार आला त्याची तिला आजही शरम वाटते. आई खोटं तर बोलत नसेल? मुद्दाम नाही. पण सहा वर्षांची पोर, डोक्यावर पोती, शाळेत टवाळी. तिने मनातल्या मनात एक घर बांधलं असेल आणि मग जन्मभर त्यातच राहिली असेल.

पाट्या रंगवायला द्यायला बारा दिवस होते.

चौथ्या दिवशी ती पुन्हा टेकाडावर गेली, नेहमीसारखं डगला विचारून. सकाळभर काही वाजलं नाही. दुपारी ती थर्मास घेऊन सशाच्या बिळाजवळ बसली. सशाने आतली माती बाहेर फेकली होती, आणि त्या मातीत, यंत्राबिंत्राशिवाय, नुसत्या डोळ्यांना एक खिळा दिसत होता.

तिने तो उचलला तो फेकून द्यायलाच. मग थांबली. इथल्या मातीत लोखंडाचा फुगून नारिंगी गोळा होतो. हा खिळा सडसडीत होता, अंगावर करडा-निळसर पापुद्रा. आगीतून गेलेला खिळा असाच टिकतो, गंज त्याला सहसा शिवत नाही. शेकोटीत जळालेल्या फळ्यांचे असे खिळे तिने शेकड्याने पाहिले होते आणि शेकड्याने फेकले होते.

एक खिळा म्हणजे काही नाही. पण तिने यंत्र मांडीवर घेतलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ते बटण उलटं दाबलं. लोखंड चालू.

उभं राहून तिने एकदा यंत्र फिरवलं आणि कानावरचे हेडफोन ओढून काढले. जमीन ओरडत होती. जिथे तीन हिवाळे तिला काही ऐकू आलं नव्हतं, तिथे पाऊल टाकायला मोकळी जागा नव्हती. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. घर शोधायला निघालेली शहाणी बाई, आणि नाण्यांच्या नादात घराचेच कान बंद करून बसली होती. घरात नाणी किती असतात? चुकून पडलेली दोन. घर कशाचं असतं? खिळ्यांचं.

दुसऱ्या दिवशी तिने यंत्राला सगळ्यात लहान चकती लावली, बशीएवढी, म्हणजे जवळजवळचे खिळे वेगळे ऐकू येतील. मेंढ्यांच्या कानात अडकवायचे जुन्या सालचे पिवळे बिल्ले डगच्या शेडमध्ये बादलीभर पडले होते, ते मागून आणले. कुंपणाच्या तारेचे तुकडे कापून त्यांना एकेक बिल्ला अडकवला आणि जिथे लोखंड वाजेल तिथे एक रोवत गेली. खणायचं नाही, हलवायचं नाही. नुसती खूण. पहिल्या दिवशी दोनशे. पाठीचा खुळखुळा झाला. दुसऱ्या दिवशी दीडशे. जवळून पाहिलं तर नुसता पिवळा गोंधळ. तिला वाटलं, ससे आणि मेंढ्यांनी ऐंशी-नव्वद वर्षांत सगळं विस्कटून टाकलंय.

तिसऱ्या दिवशी ती पिकअपच्या टपावर चढली. सदुसष्ट वर्षांच्या बाईने करायचं काम नव्हतं ते, पण वर जाऊन उभी राहिली आणि खाली पाहिलं.

ओळी होत्या. वेड्यावाकड्या, मध्ये मध्ये तुटलेल्या, पण ओळी. एका शेजारी एक, सारख्या अंतराने, आणि बाहेरून चौकट. जमिनीखालच्या आडव्या तुळयांवर फळ्या ठोकल्या होत्या. फळ्या जळाल्या, तुळया जळाल्या, आणि खिळे होते तिथेच सरळ खाली बसले. एका चौकोनाला लागून दुसरा. मागे तिसरा, पण त्याच्या आत एकही बिल्ला नाही, फक्त कडेने. पुढच्या ओळीत दोन हात रुंद जागा रिकामी. ग्लेनिस टपावर एकटी उभी राहून मोठ्याने “आई गं” म्हणाली, आणि ते कुणी ऐकलं नाही ते बरंच झालं.

डगला तिने त्याच संध्याकाळी बोलावलं, रीतीप्रमाणे. फळीवर एकच खिळा ठेवला होता. पहिली निवड तुझी, म्हणाली.

डग हसला नाही. तो बिल्ल्यांच्या कडेने फिरला आणि म्हणाला की खिळे शेडलाही असतात, लाकडाचा ढीग जळला तरी राहतात. ग्लेनिसने वाद घातला नाही. तिने त्याच्या हातात मोजपट्टी दिली. डगचे वडील सुतारकाम करत, डगने स्वतःच्या घराची जमीन स्वतः ठोकली आहे. त्याने एक ओळ मोजली. दीड फूट. पुढची मोजली. दीड फूट. तिसरीही दीड फूट भरली तेव्हा त्याने पट्टी गुंडाळली. मेंढ्यांच्या शेडला कुणी दीड फुटावर तुळया टाकून फळ्यांची जमीन करत नाही, हे त्याला ग्लेनिसने सांगायची गरज नव्हती.

“समितीला दाखवावं लागेल,” एवढंच तो म्हणाला. “माझ्या एकट्याच्या म्हणण्याने होत नाही. आणि आजोबांचा फोटो आहे.”

“समितीला घेऊन ये,” ग्लेनिस म्हणाली. “मी आईला आणते.”

आईला सांगायला ती घाबरली होती. रात्रभर एकच खुपत होतं. आई नेहमी तीन खोल्या म्हणायची, आणि फळ्या दोनच खोल्यांना होत्या. तिसऱ्यात खिळे नव्हते. हे कसं सांगायचं? दवाखान्यात पोचल्यावर तिने आडून आडून विचारलं, की मागची खोली कशी होती गं?

“मागचं स्वयंपाकघर मातीचं,” एल्वा म्हणाली. “चुलीतून ठिणगी उडते, तिथे फळ्या कोण घालेल? फळ्या दोन खोल्यांना, असंच सांगत आले मी. तू ऐकतेस कुठे.”

ग्लेनिस उठून खिडकीशी गेली आणि बाहेर कुणाची तरी गाडी पाहण्याचं नाटक करत डोळे पुसून आली. त्या दिवशी तिला आईचा फार अभिमान वाटला. ऐंशी वर्षं एकटीने एक खरी गोष्ट धरून ठेवणं, आणि तेही पोटच्या पोरीने मनातून साथ सोडली असताना, हे काय साधं काम आहे?

शनिवारी सकाळी समितीची सात माणसं टेकाडावर जमली. कुणी जर्मन केक आणला, कुणी चहा. कुतूहलाने मंडळाचेही चार-पाच जण आले, ज्यांनी तिथे अर्धी पेनी शोधली होती. ग्लेनिसने पिकअपमधून चाकाची खुर्ची उतरवली. खडकांवरून ती ढकलायला चौघे लागले. एल्वाने चर्चला जायचा निळा कोट घातला होता आणि ढकलणाऱ्या प्रत्येकाला कसं ढकलायचं ते सांगत होती.

बिल्ल्यांपाशी आल्यावर तिने सगळ्यांना थांबवलं.  एकेक ओळ पाहून घेतली. मग हाताने खूण केली, इकडून नाही, तिकडून. त्या दोन हात रुंद रिकाम्या जागेतून तिला आत नेलं. पहिल्या खोलीच्या कोपऱ्यात तिने खुर्ची थांबवायला लावली.

“पलंग इथे,” ती म्हणाली. “मी इथे झाले. खिडकी त्या अंगाला. आईचं शिवणाचं यंत्र त्या खिडकीत.”

 मंडळातल्या एकाने टोपी काढली, मग दुसऱ्याने.

डग बाहेर उभा होता, हातात कागद-पेन्सिल. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते ग्लेनिसला नीट कळलं नाही, पण त्याचे कान लाल झाले होते. आजोबांचा फोटो खोटा नव्हता, तरी त्याने ऐंशी वर्षं गावाला खोटं सांगितलं होतं, आणि हे आता त्याला सगळ्यांसमोर उभं राहून पचवायचं होतं. मनाशी काहीतरी ठरवून तो सरळ एल्वाकडे निघाला आणि एक लांब पाऊल टाकून बिल्ल्यांची ओळ ओलांडू लागला.

“डग्या,” एल्वा म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “ती भिंत आहे.”

डगचा पाय हवेतच राहिला.

“दार त्या बाजूला आहे. आणि बूट पुसून ये. आईनं आत्ताच फळ्या घासल्यात.”

सहा फुटी, नव्वद किलोचा डग हीस्लिप, समितीचा अध्यक्ष, जमिनीचा मालक. त्याने पाय मागे घेतला. पूर्ण घराला वळसा घालून तो पुढच्या बाजूला आला. दाराच्या जागी थांबला आणि एकेक बूट गवतावर नीट घासला, टाचेपासून टोकापर्यंत. बारा माणसं पाहत होती आणि एकजणही हसला नाही. मग तो खाली वाकला, जणू चौकट ठेंगणी होती, आणि आत आला.

“एल्वा आंटी,” तो म्हणाला, “पाटीवर कुठली सालं लिहू?”

“एकोणीसशे एकोणतीस ते सदतीस. ऑटो नोस्के यांचं घर.”

त्याने लिहून घेतलं. ग्लेनिस खुर्चीच्या मागे उभी होती. तिला वाटलं, झालं. जे हवं होतं ते मिळालं. आई आता तो फोटोही काढून टाकायला सांगेल, आणि सांगितलंच तर आज डगला नाही म्हणता येणार नाही.

“संपलं नाही,” एल्वा म्हणाली. “खाली आणखी एक ओळ लिही. सदतीस ते एकोणचाळीस, गोणपाटाची झोपडी.”

डगने पेन्सिल थांबवली. म्हणाला, ते लिहायची काही गरज नाही, आंटी. आता सगळ्यांनी पाहिलंय.

“लिही,” ती म्हणाली. “घर जळालं त्या संध्याकाळी माझ्या बापानं शेजारून पोती मागून आणली, आणि तीन दिवसांत आमच्या डोक्यावर छप्पर होतं. दोन वर्षं आम्ही त्यात राहिलो आणि एकदाही भिजलो नाही. इतकी वर्षं मी ते नाव घेतलं नाही, कारण तुम्हाला तेवढंच माहीत होतं. आता घर माहीत झालं ना? मग दोन्ही लिही. दोन्ही माझ्या बापानं बांधलीयत.”

डगने दुसरी ओळ लिहिली आणि कागद तिला वाचायला दिला. तिने तो लांब धरून दोनदा वाचला, मान हलवली आणि ग्लेनिसला म्हणाली की आता चहा आणायला हरकत नाही.